विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं का? कोकणातल्या गावात हे तपासायचं कसं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बंदरालगतच्या एखाद्या गावात तुम्ही सर्वेक्षण करताय. त्यात चार प्रश्न अडचणीचे आहेत. गेल्या महिनाभरात दारू घेतलीत का? खाजगी सावकाराचं देणं आहे का? मासेमारी बंदीच्या काळात होडी पाण्यात घातलीत का? घरात कोणी अंगावर हात टाकतं का? उत्तरं येतात, टक्केवारी निघते, अहवाल होतो. पण त्या टक्क्यांत गावाचं खरं वागणं किती आणि ओटीवर टेकून बसलेल्या शेजाऱ्याची भीड किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. ती कॉलेजच्या विद्यार्थ्यांना किंवा छोट्या संस्थेलाही जमण्यासारखी आहे. मात्र तिचे काही नियम आहेत आणि त्यांतला एक जरी मोडला तरी हाती आलेला फरक कशामुळे आला, ते सांगता येत नाही.

तपासणीचं सूत्र एवढंच: तोच गाव, तोच प्रश्न, तेच शब्द, पण निम्म्या लोकांना एका पद्धतीने विचारायचं आणि निम्म्यांना दुसऱ्या. कोणाला कुठली पद्धत हे फक्त चिठ्ठी ठरवेल. मग दोन गटांच्या उत्तरांत जो फरक उरतो, तो पद्धतीचा.

आधी प्रश्न ठरवा, आणि उत्तर कुठे झुकेल ते लिहून ठेवा

सगळे नाजूक प्रश्न एकाच जातीचे नसतात. दारूच्या प्रश्नात लाज आहे. मासेमारीच्या प्रश्नात कायदा आहे: पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते आणि एलईडी दिवे लावून मासेमारी करायलाही मनाई आहे. मारहाणीच्या प्रश्नात सरळ भीती आहे. लाजेने दडलेलं उत्तर आणि भीतीने दडलेलं उत्तर एकाच उपायाने बाहेर येईल असं धरून चालू नका.

प्रत्येक प्रश्नापुढे आधीच लिहा, लोक इथे कमी सांगतील की जास्त. मतदान केलंत का, शौचालय वापरता का, मुलीला पुढे शिकवणार का, या प्रश्नांना लोक जास्त ‘हो’ म्हणतात. दारू, कर्ज, छोट्या आसाचं म्हणजे बारीक भोकांचं जाळं इथे ‘हो’ कमी येतं. काही प्रश्न तर माणसागणिक दिशा बदलतात. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या टूरँगो आणि स्मिथ यांच्या प्रयोगात लैंगिक जोडीदारांची संख्या विचारली होती. उत्तर स्वतःच संगणकावर नोंदवायला दिलं तेव्हा स्त्री-पुरुषांच्या आकड्यांतली दरी कमी झाली, म्हणजे समोर माणूस असताना पुरुष फुगवून आणि बायका कमी करून सांगत होत्या. म्हणून ‘ज्या पद्धतीत जास्त कबुली ती पद्धत खरी’ हा नियम सरसकट लावता येत नाही. ज्या प्रश्नाची दिशा तुम्हाला आधीपासून ठामपणे माहीत आहे, तिथेच तो चालतो. निकाल बघितल्यावर दिशा ठरवली तर कुठलाही आकडा आपल्या बाजूने वळवता येतो. म्हणून हा कागद तारखेसह कोणा तिसऱ्याच्या हवाली करून ठेवा.

याच यादीत दोन-तीन निरुपद्रवी प्रश्न घाला: दारात नारळाची झाडं किती, रेशनकार्ड केशरी की पिवळं. यांत लाजण्यासारखं काही नाही, त्यामुळे पद्धत बदलली तरी उत्तर हलायला नको. हललं, तर दोन गट मुळातच सारखे नाहीत किंवा तुमची दुसरी पद्धत लोकांना कळलेलीच नाही. पुढचा निकाल वाचण्याआधी ही गोष्ट बघायची. बहुतेक जण हे प्रश्न घालतच नाहीत, आणि मग आलेल्या फरकावर शंका घ्यायलाही आधार उरत नाही.

कुठल्या पद्धती ताडून बघायच्या

एक बाजू ठरलेली: समोरासमोर बसून तोंडी प्रश्न, तोंडी उत्तर. गावात बहुतेक सर्वेक्षणं अशीच होतात, तेव्हा तुलना तिच्याशी.

दुसऱ्या बाजूला माझी पहिली पसंती मतपेटीला. प्रश्न तुम्ही वाचता, माणूस छापील चिठ्ठीवर खूण करतो, घडी घालतो आणि कुलूपबंद पेटीच्या फटीतून आत टाकतो. मतदानामुळे ही रीत कोकणातल्या सत्तरीच्या आजीलाही ठाऊक आहे, वेगळं शिकवावं लागत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी ‘हो’ला भरीव गोल आणि ‘नाही’ला रिकामा गोल छापा. चिठ्ठीवर नाव किंवा घर क्रमांक नको, पण वयोगट आणि स्त्री-पुरुष एवढं आधी छापलेलं असू द्या, नाहीतर नंतर काहीच ताडता येणार नाही. आणि पेटीत आधीपासून काही चिठ्ठ्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत. रिकाम्या पेटीत पहिली चिठ्ठी टाकणाऱ्याला आपली चिठ्ठी ओळखली जाईल असं वाटतं, आणि ते खरंच असतं. त्यासाठी सकाळी निघताना वेगळ्या, मोजलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या आत टाका आणि मोजणीत वगळा.

दुसरा पर्याय कानात इयरफोन घालून मोबाइलवर प्रश्न ऐकायचा आणि पडद्यावर बोट लावायचं. अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर झालेला आणि १९९८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला टर्नर यांचा अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे: दुसऱ्या मुलाशी वा पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदी प्रश्नावलीत १.५ टक्के मुलांनी सांगितलं, इयरफोनवर ५.५ टक्क्यांनी. पण आपल्याकडे गृहीत काही धरू नका. पुण्यात पोतदार आणि कोनिग यांनी कॉलेजातली मुलं आणि वस्तीत राहणारी मुलं अशा दोन गटांवर ही पद्धत तपासली. २००५ साली आलेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही गटांचं चित्र एकसारखं नव्हतं. यंत्रापुढे मोकळं होणं हे यंत्राची सवय आणि त्यावरचा विश्वास यांवर अवलंबून असतं.

गावात इयरफोन चालवताना आवाज कोणाचा, याला फार महत्त्व आहे. मालवणच्या बाजूला एका काकींनी पहिला प्रश्न ऐकताच इयरफोन काढून मला विचारलं, “ह्यो आवाज कोणाचो गो?” ध्वनिमुद्रण शेजारच्या गावातल्या मुलीचं होतं आणि काकींना ती ओळखीची वाटली. पुढची उत्तरं त्या मुलीला कळणार असंच त्यांनी धरलं. आवाज त्याच बोलीचा हवा, पण पंचक्रोशीबाहेरचा. पुरुषांना पुरुषाचा, बायकांना बाईचा. मोबाइलवर नेटवर्कशिवाय चालणारं ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स असं सर्वेक्षणाचं ॲप वापरा, खाडीच्या पलीकडे रेंज मिळेल याचा भरवसा नाही.

तिसरी पद्धत नशिबावर उत्तर सोपवणारी. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली आणि पुढे तिची सोपी रूपं आली. त्यातलं एक असं: कापडी पिशवीत सारख्या आकाराचे सहा मणी. एक लाल, एक पांढरा, चार निळे. माणूस पिशवीत हात घालून मणी काढतो, तुम्हाला न दाखवता बघतो आणि परत टाकतो. लाल निघाला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचं, पांढरा निघाला तर ‘नाही’, निळा निघाला तर खरं. त्यामुळे एखाद्याचं ‘हो’ ऐकून त्याच्याबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही, पण गावाचा आकडा निघतो. हेच फाशाने करता येतं, पण काही घरांत फासा दिसला की जुगार आठवतो, म्हणून मणी बरे.

हिशेब बघा. समजा २०० जणांत ६० ‘हो’ आले, म्हणजे ३० टक्के. त्यातले १६.७ टक्के लाल मण्याचे. उरले १३.३. खरं बोलायची पाळी सहापैकी चार वेळा येते, म्हणून १३.३ ला ०.६६७ ने भागा. उत्तर २० टक्के. मात्र याची किंमत आहे. सरळ विचारून २० टक्के आले असते तर प्रमाण त्रुटी (म्हणजे नुसत्या योगायोगाने आकडा साधारण किती हलतो ते) २.८ टक्के असती, इथे ती ४.९ होते. तेवढीच अचूकता हवी असेल तर माणसं जवळपास तिप्पट लागतात. आणि एकूण ‘हो’ १६.७ टक्क्यांच्याही बरेच खाली आले, तर लाल मणी काढूनही लोक ‘नाही’ म्हणताहेत हे समजा. जे केलं नाही त्याला तोंडाने ‘हो’ म्हणणं कित्येकांना जिवावर येतं, विशेषतः बायकांना. अशा वेळी तो आकडा वापरू नका.

चौथी पद्धत यादीची. एका गटाला चार साध्या गोष्टी वाचून दाखवायच्या आणि त्यातल्या किती लागू होतात एवढा आकडाच विचारायचा, कुठल्या ते नाही. दुसऱ्या गटाला त्याच चार आणि पाचवी नाजूक. दोन्ही सरासऱ्यांतला फरक म्हणजे नाजूक गोष्टीचं प्रमाण. पहिली सरासरी १.९०, दुसरी २.१५, तर २५ टक्के. दिसायला सुंदर, पण साध्या गोष्टी निवडताना डोकं चालवावं लागतं. ‘शिमग्याला गावात होतो’, ‘घरी भात खातो’ अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी घेतल्या तर पाचव्यावर ‘पाच’ म्हणणारा उघडा पडतो. म्हणून परस्परविरुद्ध घ्या: ‘गेल्या वर्षी काजू बी विकली’ आणि ‘गेल्या वर्षी मुंबईत सहा महिने राहिलो’. शिवाय या पद्धतीत त्रुटी मोठी असते. उत्तरांचं प्रमाण विचलन (म्हणजे उत्तरं सरासरीपासून साधारण किती पसरलेली आहेत ते) १ धरलं आणि दोन्ही गटांत दोनदोनशे माणसं असली, तर निकाल जवळपास २० टक्के अलीकडे-पलीकडे डोलतो. हजार-दीड हजार माणसं हाताशी नसतील तर या वाटेला जाऊ नये.

फोनवर विचारायचं असेल तर प्रश्न असे रचा की पलीकडून फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा आकडा ऐकू जावा. फोन बहुधा घरात सामाईक असतो आणि सासूबाई दोन हातांवर असतात.

पहिल्यांदा करत असाल तर दोनच पद्धती घ्या, तोंडी आणि मतपेटी.

पद्धत ठरवणारी चिठ्ठी कुठे टाकायची

सगळ्यात जास्त चूक इथे होते. कामाला सोपं पडतं म्हणून एका वाडीत तोंडी आणि दुसऱ्या वाडीत मतपेटी असं वाटून टाकतात. कोकणातल्या वाड्या समाजाप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे वसलेल्या आहेत. खारवीवाडीत आणि बामणवाडीत जो फरक दिसेल तो पद्धतीचा की वाडीचा, हे मग कोणालाच सांगता येणार नाही. चिठ्ठी माणसागणिक टाका, प्रत्येक वाडीत निम्मे-निम्मे.

दुसरी तशीच चूक सर्वेक्षकांची. बोलकी, चुणचुणीत मुलगी सगळ्या तोंडी मुलाखती घेते आणि बुजरा मुलगा पेटी घेऊन फिरतो. प्रत्येकाने दोन्ही पद्धती सारख्याच प्रमाणात केल्या पाहिजेत.

प्रत्येक घरातून एकच माणूस, तोही घरातल्या प्रौढांतून चिठ्ठीने निवडलेला. समोर आला तो घेतला तर तुमच्या यादीत म्हातारी माणसंच भरतील. बंद घरांवर किमान दोन वेळा वेगवेगळ्या दिवशी परत जा, आणि मिळालीच नाहीत तर तशी नोंद करा, शेजारचं घर बदली घेऊ नका.

पद्धत ठरवणारी चिठ्ठी पाकिटात बंद ठेवायची आणि ते पाकीट मुलाखतीच्या मध्यावर उघडायचं, सुरुवातीला नाही. संमती घ्या, घर, शेती, होडी, शिक्षण असे साधे प्रश्न विचारा आणि नाजूक भाग सुरू होताना त्याच्यासमोर पाकीट फोडा. याने दोन गोष्टी साधतात. सर्वेक्षकाला आधी माहीत नसल्याने तो दोघांशी सारखाच वागतो, आणि संमती नाकारणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं राहतं.

माणसं किती? तोंडी १० टक्के आणि मतपेटीत २० टक्के एवढा मोठा फरक पकडायचा असेल तर नेहमीच्या निकषांनी प्रत्येक गटात सुमारे २०० माणसं लागतात. १० विरुद्ध १५ पकडायचा तर सुमारे ६८०. इथे फरक निम्मा झाला की माणसं जवळपास साडेतीनपट होतात, हे निधी मागतानाच लक्षात घ्या. शंभर-सव्वाशे घरांच्या एका गावात हे होत नाही. मोठा फरक पकडायलाही पाच-सहा गावं एकत्र घ्यावी लागतात.

कधी जायचं, कुठे बसायचं

गणपतीत चाकरमानी येतात, सगळी घरं उघडी असतात आणि मोह होतो. जाऊ नका. त्या दिवसांत एकट्याने बसायला घरात कोपरा नसतो. मे महिन्यात आंबा आणि लग्नं. मच्छीमारांसाठी जून-जुलै बरा, होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी विणत बसलेली भेटतात. पण तेव्हाच भाताची लावणी असते, शेतकरी घरातल्या बायका दिवसभर चिखलात आणि संध्याकाळी गळून गेलेल्या. गावात दोन्ही समाज असतील तर नारळी पौर्णिमेनंतर आणि गणपतीच्या आधी जे दिवस मिळतील ते, नाहीतर दिवाळीनंतर. मच्छीमारांकडे तेव्हा होडी लागून माल उतरल्यावर जायचं, लिलाव चालू असताना नाही.

गावात शिरताना सरपंचांना आणि पोलीस पाटलांना सांगायचं, पण त्यांना बरोबर घेऊन फिरायचं नाही. आशाताईही नको. घराघरातलं त्यांना ठाऊक असतं आणि त्यांच्यासमोर दारूबद्दल, गर्भपाताबद्दल कोण बोलणार? मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवान्याशी संबंध असलेलं तर कोणीच नको.

ओटी ही बोलायची जागा नव्हे, ती सगळ्या वाडीला दिसते. बाईशी बोलायचं तर मागच्या पडवीत किंवा विहिरीकडे. पुरुषाशी बंदरावर, पण शेडमधल्या गर्दीपासून दूर. तरीही कोणी येऊन बसतंच. तेव्हा प्रत्येक मुलाखतीत एक रकाना ठेवा: नाजूक प्रश्नांच्या वेळी कानाच्या टप्प्यात कोण होतं. सासू, नवरा, मूल, शेजारी, कोणी नाही. माझं मत असं की आपल्याकडे बऱ्याचदा पद्धतीपेक्षा हा रकानाच जास्त सांगून जातो. मात्र माणसं आपणहून येऊन बसतात, चिठ्ठीने नाही, म्हणून त्या तुलनेतून ठाम कारण सांगू नये.

प्रश्नांचे शब्द दोन्ही पद्धतींत अक्षरशः तेच ठेवा. उत्तर भारतातल्या ग्रामीण भागात झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ‘घरातले लोक शौचाला कुठे जातात’ असं एकदाच विचारण्याऐवजी घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगळं विचारलं, तेव्हा उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त आलं. नुसत्या वाक्यरचनेने एवढं बदलतं, तर पद्धतीबरोबर शब्दही बदलून कसं चालेल?

हिशेब

प्रत्येकाला चिठ्ठीने जी पद्धत मिळाली त्याच गटात मोजा. कोणी पेटी नको म्हणून तोंडीच सांगितलं तरी तो पेटीच्या गटातला. त्याला हलवलंत तर चिठ्ठीचा सगळा फायदा गेला.

समजा तोंडी २०० पैकी २४ जण ‘हो’ म्हणाले, १२ टक्के. मतपेटीत २०० पैकी ४२, म्हणजे २१ टक्के. फरक ९. प्रत्येक गटाचा ‘हो’चा वाटा गुणिले ‘नाही’चा वाटा भागिले २००, दोन्हींची बेरीज, तिचं वर्गमूळ: ३.७ टक्के. त्याची साधारण दुप्पट ७.२. म्हणजे खरा फरक १.८ ते १६.२ टक्के यांच्यामध्ये कुठेतरी. फरक आहे असं म्हणता येतं, ‘पद्धतीमुळे कबुली जवळपास दुप्पट झाली’ असं छातीठोक म्हणता येत नाही. एक्सेलमध्ये हे होतं. वाड्या आणि सर्वेक्षक यांच्यामुळे उत्तरं एकमेकांसारखी होतात, त्याचा हिशेब मात्र संख्याशास्त्र येणाऱ्या कोणाकडून करून घ्या, नाहीतर त्रुटी खरी असते त्याहून लहान दिसते. नाजूक प्रश्न आठ असतील तर एखाद्यात फरक योगायोगानेही दिसतो. तेव्हा योगायोगाची शक्यता किती चालवून घ्यायची याची कसोटी ०.०५ ऐवजी त्याच्या आठव्या भागाची, म्हणजे ०.००६ ची लावा. लोकांनी कोऱ्याच टाकलेल्या चिठ्ठ्या आणि ‘सांगायचं नाही’ हेही पद्धतीनुसार वेगळे मोजा. एका पद्धतीत गप्प राहणारे जास्त असतील तर तो निकालच आहे.

मग खरं कोणतं? नुसत्या तुलनेने ते कळत नाही. त्यासाठी बाहेरची नोंद लागते. क्रॉयटर, प्रेसर आणि टूरँगो यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच केलं: गुण विचारले आणि विद्यापीठाच्या दप्तराशी ताडले. माणसाने फोनवर विचारलं त्यापेक्षा वेबवर लोकांनी वाईट गुण जास्त खरे सांगितले. आपल्याकडे विकास सोसायटीचं पीककर्ज ही अशी नोंद होऊ शकते. ज्यांनी लेखी संमती दिली त्यांच्यापुरती थकबाकी ताडून बघा. निदान एका प्रश्नाला तरी असा आधार असू द्या.

माणसांची जबाबदारी

फॉर्मवर होडीचा नोंदणी क्रमांक कधीही लिहू नका. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढलेत, आणि कोणी अधिकाऱ्याने तुमचे कागद मागितले तर ‘आम्ही अभ्यासक आहोत’ हे सांगून ते वाचत नाहीत. जे लिहिलंच नाही ते कोणी मागू शकत नाही. नावांची यादी आणि उत्तरं वेगळ्या ठिकाणी ठेवा, काम झालं की यादी जाळा. मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, पूर्ण एकांतात, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हाच नियम आहे. कोणी आत आलं तर सर्वेक्षकाने लगेच नारळाच्या झाडांच्या प्रश्नावर वळायचं, याचा सराव आधी करून घ्या. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक छापील कागदावर देऊ नका, तो घरात सापडतो. तोंडी सांगा आणि दोनदा म्हणून घ्या.

निकाल गावाला सांगायला परत जावं लागतं, आणि जावंच. पण सगळ्या गावांचे आकडे एकत्र करूनच सांगा, वाडीवार कधीही नाही. वाडी म्हणजे समाज, आणि ‘अमुक वाडीत दारू जास्त’ हे वाक्य एकदा ग्रामसभेत निघालं की ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून चिठ्ठी टाकली त्यांनाच ते ऐकून घ्यावं लागतं. कोणी वाडीचा आकडा मागितला तर तो काढलेलाच नाही असं सांगता आलं पाहिजे, म्हणून तो खरोखरच काढू नका.